गाव सोडावं की धरून राहावं?

गाव सोडायचं की नाही, हा प्रश्न एकट्या माणसाला कधी पडत नाही. तो अख्ख्या गल्लीला पडतो. एका दाराला कुलूप लागलं की शेजारच्या तीन घरांत रात्रीचं बोलणं सुरू होतं. सोलापूरच्या विणकर वस्तीत माझा जन्म गेला. त्यामुळं हे बोलणं मी भिंतीपलीकडूनही ऐकलं आहे आणि भिंतीअलीकडंही. अब्बा गिरणीत होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, तेव्हा मी नुकताच बी.ए. होऊन घरी बसलो होतो. धाकटा भाऊ भिवंडीला गेला, परत आला, पुन्हा पुण्याला गेला. मी राहिलो. दोघांतलं कोण बरोबर, याचा निकाल आमच्या घरात तीस वर्षांत लागलेला नाही, आणि तो लावायला मी आज बसलेलो नाही. एखाद्या भागाचा धंदा बसतो तेव्हा माणसं कशाच्या हिशेबानं राहतात, कशाच्या हिशेबानं जातात आणि त्या हिशेबात काय मोजायचं राहून जातं, एवढंच सांगायचं आहे. बी.ए.ला अर्थशास्त्र हा विषय होता, तेवढीच शिदोरी.

माझ्या घरात उर्दूची दखनी बोली आणि दारात मराठी. या दोन भाषांमध्ये एक शब्द सारखा आहे – वतन. मूळ अरबी. उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी, जिथं जीव अडकला ती जागा. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, ज्याच्यावर घर चालायचं ते. या विषयाचा विचार करताना मला दोन्ही अर्थ लागतात. गाव म्हणजे जिथं आपला जीव गुंतलेला असतो ते, आणि गाव म्हणजे जिथं आपला काही हक्क लागतो तेही. मंदीच्या दिवसांत पहिल्या अर्थावर फार बोललं जातं. आम्ही कवी तर त्याच्यावरच जगतो. निर्णय मात्र बहुतेक घरांत दुसऱ्या अर्थावर होतो, आणि तो अर्थ कुणी उघड बोलून दाखवत नाही.

आधी हे गाव कसं वसलं ते पाहू. १८६० साली पुण्याकडून रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७० च्या दशकात इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिलाच पुढं सगळं गाव जुनी मिल म्हणू लागलं. त्याच दशकात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी मुलखातून माणसं आली, मोमीन विणकर आले. म्हणजे सोलापूर हे गावच मुळी गाव सोडून आलेल्यांचं. आज ज्यांना आपण इथले मूळचे म्हणतो, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पणजोबांनी कधीतरी एका संध्याकाळी भांडीकुंडी बांधली होती. त्यांनी हातातलं कसब सोबत आणलं. जमीन, घर, गोतावळा मागं सोडला. सोलापुरी चादर ही अशी परगावच्या हातांनी विणलेली आहे.

पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव. चिमणीतून सोन्याचा धूर निघायचा, असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. जुनी मिल साठच्या दशकातच बसली. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात गेली, बाकीच्याही पाठोपाठ थंडावल्या. गिरणीतून सुटलेली माणसं यंत्रमागावर गेली; कुणी कामगार म्हणून, कुणी चार माग घालून स्वतःच कारखानदार म्हणून. आमच्याकडं चार मागांच्या पत्र्याच्या शेडलाही कारखानाच म्हणतात. मग २०१६ ची नोटाबंदी आली, २०१७ चा जीएसटी आला, २०२० ची टाळेबंदी आली. प्रत्येक वेळी काही शेड बंद झाल्या आणि त्यांतल्या काही पुन्हा उघडल्याच नाहीत.

किती माणसं गेली? जनगणनेवरून अंदाज बांधता येतो. २००१ साली सोलापूर शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, २०११ साली ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत वाढ फक्त नऊ टक्के. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला, आणि पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांच्या वर गेलं. हा सगळा फरक पुण्याच्या गाडीत बसलेल्यांचाच आहे, असं मात्र नाही. काही कुटुंबं शहराच्या हद्दीबाहेर, कुंभारीसारख्या गावी राहायला गेली. त्याबद्दल पुढं येईलच. तरी नऊ आणि सोळा यांच्यातल्या अंतरात किती दारांची कुलपं असतील, ते आमच्या गल्लीला पाठ आहे. २०२१ साली व्हायची जनगणना झालीच नाही, म्हणून त्यापुढचा आकडा देत नाही.

पुण्याच्या या गाडीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सकाळी सोलापुरातून निघून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्यात येरवड्याला फाशी झाली, त्यांचं हे स्मरण. त्यांच्या नावाच्या गाडीतून पोरं नोकरीच्या शोधात गाव सोडतात. यात उपरोध आहे असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. चौघेही शेवटी पुण्यालाच नेले गेले होते, आणि गावानं त्यांना आपलं म्हणणं सोडलं नाही.

आता मुद्द्याकडं येतो. धंदा बसला असं म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो. एक, मंदी. माल उठत नाही, सूत महागलं, मागणी थांबली. पण धंद्यात जीव आहे. दुसरी, अखेर. धंद्याची रीतच संपली. पहिलीत थांबणाऱ्याचं भलं होतं, दुसरीत थांबणाऱ्याची फरफट होते. अवघड असं की सुरुवातीचे सहा महिने दोन्ही अगदी सारख्या दिसतात. पगार आठवड्याचा पंधरवड्यावर जातो, पाळी एक होते, मालक म्हणतो पुढल्या महिन्यात बघू.

मग ओळखायचं कसं? वर्तमानपत्रातल्या आकड्यांपेक्षा मी आमच्याकडच्या जुन्या जॉबरांचं ऐकतो. बंद शेडमधल्या मागाला मालक तेल घालतो का, हे ते आधी बघतात. घालत असेल तर त्याला माग पुन्हा चालवायचा आहे. माग भंगारात किलोवर जाऊ लागले की विषय संपला. तो माग परत येत नाही. शटल, पिकर, कांडी मशीनचे सुटे भाग विकणारं दुकान चालू आहे का, तेही बघावं, कारण एका दुकानामागं शेकडो माग असतात आणि दुकानदाराला कारखानदाराच्या आधी कळतं. आणि मालकाचा मुलगा शेडमध्ये येऊन बसतो का? तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत असेल आणि बापानं त्याला परत बोलावलं नसेल, तर बापाचा अंदाज आपल्याला कळला. कामगाराला ‘थोडं थांब’ सांगणाऱ्या माणसानं आपल्या मुलाला काय सांगितलं आहे, हे विचारण्यात काही गैर नाही.

जायचं ठरलं तरी जायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. विणकराची पहिली ओढ माग असलेल्या दुसऱ्या गावाकडं असते. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत. हातातलं कसब तिथं चालतं. पण सूत महागल्यामुळं सोलापूर थांबलं असेल, तर तेच सूत भिवंडीलाही महागच असतं. आगीतून फुफाट्यात. माझा भाऊ असाच गेला होता. रात्री मागाखाली झोपायचं, खानावळीत जेवायचं, आणि वर्षभरानं तिथंही पाळी अर्ध्यावर. खड्डा आपल्या गावात पडला आहे की आपल्या धंद्यात, हे वेगळं करून पाहावं लागतं. गावात असेल तर कसब घेऊन जाता येतं. धंद्यात असेल तर कसब मागं ठेवून जावं लागतं, आणि बेचाळिसाव्या वर्षी जेकार्डचा विणकर पुण्यात वॉचमन होतो. त्याला वॉचमनचा पगार मिळतो, विणकराचा नाही. घर सोडण्याच्या दुःखावर कविता पुष्कळ आहेत, या घसरणीवर फार थोड्या.

आता वतनाच्या मराठी अर्थाकडं, म्हणजे हक्काकडं.

पहिला हक्क घराचा. बसलेल्या धंद्याच्या गावात घराची किंमतही बसते, आणि नेमकी त्याच वेळी बसते जेव्हा ते विकायची पाळी येते. एका गल्लीतली पाच घरं विकायला निघाली तर गिऱ्हाईक एकाच घराला, तेही पडत्या भावानं. उलट ज्या गावात काम आहे, तिथं त्याच कामामुळं जागा महाग. सोलापुरातलं दोन खोल्यांचं घर विकून आलेले पैसे पुण्यात अनामत आणि भाडं यांतच विरतात. म्हणून घरवाल्याचे पाय जड असतात आणि भाडेकरू आधी उडतो. बाहेरून पाहणारे म्हणतात, या लोकांना धाडस नाही. धाडसाचा इथं काय संबंध? घर विकणं ही एका दिशेची वाट आहे. न विकता ठेवलेलं घर ही परतीच्या तिकिटासारखी गोष्ट आहे, आणि तिकिटाची किंमत गाडी चुकल्यावर कळते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांचं गावात घर होतं ते कसेही करून घरी पोचले. ज्यांचं नव्हतं त्यांनी बंद शहरात भाड्याची खोली सांभाळली.

दुसरा हक्क कुठल्याही सरकारी कागदावर नाही. किराणा दुकानदाराची वही. ज्या घराला पंधरा वर्षं ओळखतो त्याला वाणी दोन महिने उधार देतो. परक्या गावात पहिल्या दिवसापासून रोख. मंदीत तगून राहण्याचं बळ पगारात असतं त्याहून जास्त या वहीत असतं, आणि ही वही पिशवीत घालून नेता येत नाही. याचीच उलटी बाजू म्हणजे उचल. विणकरानं मालकाकडून लग्नाला, दवाखान्याला पैसे घेतलेले असतात. ते फिटेपर्यंत दुसऱ्या शेडमध्येही जाता येत नाही, दुसऱ्या गावाची गोष्ट लांबच. गावाशी बांधून ठेवणारी प्रत्येक गोष्ट मायेची नसते.

तिसरा हक्क बाईच्या नावावर असतो, आणि तोच मोजायचा राहून जातो.

सोलापूरच्या विणकर वस्तीत पुरुष मागावर आणि बाई विडीवर, ही जोडी जुनी आहे. हजारो बायका रोज सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचवर जाऊन तेंदूपत्ता आणि तंबाखू आणतात, दिवसभर वळतात, दुसऱ्या दिवशी विड्या मोजून देतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. काही विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या जातात, त्याचा तोटा तिचा. मानेचे आणि डोळ्यांचे आजार, तंबाखूचा खकाणा, याचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. पण एक गोष्ट खरी. यंत्रमागाच्या पुष्कळ शेडमध्ये पुरुषाला भविष्यनिर्वाह निधी नसतो. विडीवाल्या बाईला असतो. तिच्याकडं ओळखपत्र असतं, नोंद असते. घरातलं कायद्याला दिसणारं माणूस ती असते.

याच नोंदीवर इथं घरं उभी राहिली. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या चळवळीतून कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं नाव असलेल्या या वसाहतीतल्या घरांच्या किल्ल्या २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांतली पंधरा हजार घरं हवाली केली. त्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारेही आहेत. ज्या शहराचा धंदा खचतो आहे, त्याच्या कडेला कष्टकऱ्यांची एवढी घरं उभी राहावीत, ही उलटी वाटणारी गोष्ट आहे. पण ती नीट पाहिली तर कळतं की सोलापूरचा विणकर मागावर टिकलेला नाही. तो बायकोच्या कार्डावर टिकला आहे.

आमच्या गल्लीतल्या एका घराचं उदाहरण देतो. पद्मशाली कुटुंब. शेड दोन महिने बंद. चाकणला एका ठेकेदाराकडं माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळतं आहे. नवरा मला म्हणाला, “भाई, तुम्ही शिकलेले. सांगा, सगळ्यांना घेऊन जाऊ का?” मी काही बोलायच्या आत आतून वहिनींनी विचारलं, “इथं माझ्या नावावर कार्ड आहे. तिथं माझ्या नावावर काय?” त्यांची विडीची नोकरी आठ वर्षांची. मुलगी तेलुगू माध्यमात नववीला. या एका वाक्यात अर्थशास्त्राचं अख्खं प्रकरण होतं. नवऱ्याच्या पगाराची बेरीज दोघांनी केली होती. त्या जाण्यानं वहिनींच्या बाजूला होणारी वजाबाकी फक्त त्यांनीच केली होती. चाकणला पगार जास्त हे खरं, पण घर एका पगारावर येणार, भाडं नव्यानं सुरू होणार, आणि विडीची मजुरी थांबणार. घरात चार पैसे जास्त येण्याऐवजी कमीच येण्याचा संभव होता.

म्हणूनच आपल्याकडं बहुतेक घरं राहणं आणि जाणं यांतलं एक निवडत नाहीत. अर्धं जातात. एक माणूस जातो, घर राहतं. कोकणानं मुंबईशी हेच केलं, रत्नागिरीच्या किती मोहल्ल्यांनी आखाताशी हेच केलं. जाणारा पैसे पाठवतो, राहणारे हक्क सांभाळतात. पहिला गेलेला दुसऱ्याला बोलावतो. गल्लीतली पोरं पुण्यात एकाच उपनगरात सापडतात ती यामुळं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा ही गेलेली माणसं परततात आणि कुठल्या कंपनीत भरती आहे, कुठला ठेकेदार पगार बुडवतो, हे सगळं त्या दोन-चार दिवसांत कळतं. रोजगार कार्यालय असंही असतं.

अर्धं जाण्याची किंमत मात्र आहे, आणि ती सारखी वाटली जात नाही. मागं राहिलेली बाई घर, सासू-सासरे, मुलांची शाळा आणि हजार विड्या एकटी ओढते. बाप सणाला येणारा पाहुणा होतो. माझा भाऊ पुण्याहून यायचा, तेव्हा त्याची लहान मुलगी पहिला दिवस अम्मांच्या मागं लपून राहायची. दोन वर्षांसाठी म्हणून स्वीकारलेली व्यवस्था पंधरा वर्षं चालते. ती किती दिवस चालवायची, याची मुदत जाण्याआधी दोघांनी मिळून ठरवलेली बरी. पैशाइतकाच हा हिशेब आहे.

आणि जाताना कागद. या बाबतीत मुंबईच्या गिरणगावाचा धडा आपल्यापुढं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. संप लांबला तसे किती तरी कामगार मुंबई सोडून कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडं आपल्या गावी गेले. काहींचं जाणं कायमचं ठरलं. पुढं गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार ही अट आली. २०१२ साली म्हाडानं पहिली सोडत काढली ती ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखाच्या जवळपास. तीस वर्षांपूर्वी आपण गिरणीत होतो हे दाखवायला लोकांनी ट्रंका उपसल्या. कुणाकडं हजेरीचं कार्ड होतं, कुणाकडं राज्य विमा योजनेचा नंबर, कुणाकडं पगाराची चिठ्ठी. कुणाकडं काहीच नव्हतं; संपाच्या दिवसांत खोली बदलताना किंवा गावाकडच्या पावसात ते गेलं होतं. त्या चिठ्ठीची किंमत १९८२ साली एक रुपयाही नव्हती. २०१२ साली ती मुंबईतल्या घराएवढी होती.

म्हणून जो विचारायला येतो त्याला मी काही साध्या गोष्टी सांगतो. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे निघताना उचलू नयेत. निवृत्तिवेतनासाठी निदान दहा वर्षं नोकरी भरावी लागते. आठव्या-नवव्या वर्षी सगळी रक्कम काढली की आधीची वर्षं वाया जातात. न काढता ठेवली तर पुढच्या नोकरीची वर्षं तीत मिळवता येतात. यूएएन नंबर माणसाला एकदाच मिळतो. प्रत्येक नवा ठेकेदार नवा नंबर काढू पाहतो. तसं होऊ देऊ नये. रेशन कार्डाचं दुखणं आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही सोय २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. आधार जोडलेलं असेल तर घरच्यांनी आपला वाटा सोलापुरात घ्यावा आणि गेलेल्यानं आपला पुण्यात, असं करता येतं. पूर्वी गाव सोडलं की रेशन सुटायचं, तेव्हा या एका कारणासाठी म्हातारी माणसं मागं राहायची.

शाळेचं तसं नाही. कायदा सांगतो की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेनं केव्हाही प्रवेश द्यावा आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून अडवू नये. २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्यातच ते आहे. पण माध्यमाचं काय? सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांच्या शाळा आहेत. तेलुगू किंवा कन्नड माध्यमात सातवी-आठवीपर्यंत शिकलेलं मूल चाकणच्या वस्तीत नेलं, तर ते तिथं कुठल्या वर्गात बसणार? पहिली-दुसरीतलं मूल भाषा सहा महिन्यांत उचलतं. आठवीच्या पुढचं मूल गप्प होतं. म्हणून मूल लहान असेल तर सगळ्यांनी जावं आणि मोठं असेल तर दहावी होईपर्यंत थांबावं, असं मी सांगतो. हे माझं मत आहे, नियम नाही. शिवाय थांबणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. ज्या गावाला सगळे उतरत्या कळेचं म्हणतात तिथंच २००४ साली विद्यापीठ झालं, आणि विडीच्या पैशांवर पदवीधर झालेल्या मुली आमच्या वस्तीत आहेत. त्या पुण्याला जातील तेव्हा माल चढवायला जाणार नाहीत.

शेजारच्या घरात शेवटी तारखा मांडल्या गेल्या. जूनमध्ये मुलगी दहावीत जाईल. वहिनींची दहा वर्षं भरायला दोन वर्षं उरली आहेत. शेडमालकाची उचल फार नाही, ती दिवाळीच्या बोनसमधून फिटते. म्हणून नवऱ्यानं दिवाळीनंतर एकट्यानं जायचं, बाकीच्यांनी दोन वर्षं हलायचं नाही, आणि मधल्या काळात बंद शेडमधल्या मागांचं काय होतं त्यावर लक्ष ठेवायचं, असं ठरलं. घर विकायचा विषय सासूबाईंनी काढूच दिला नाही. चाकणच्या ठेकेदाराला त्यानं फोन केला, पगार विचारला, आणि वहिनींनी बाजूला उभं राहून सांगितलं तसं हेही विचारलं की पहिल्या महिन्यापासून पीएफ कापणार का आणि नंबर देणार का. ठेकेदार म्हणाला, आधी ये तर खरं, मग बघू. वहिनींनी फोन ठेवायला लावला. दुसऱ्या ठेकेदाराचा पत्ता आता गड्ड्याच्या यात्रेत मिळेल.